ईएमजीवर काम सुरू करताय? आधी हाताची कातडी पुसा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं दर हंगामात विचारतात, ‘दादा, हातावर सेन्सर लावून बोटं ओळखायचा प्रोजेक्ट करायचाय, कोणतं न्यूरल नेटवर्क घेऊ?’ ईएमजी म्हणजे स्नायू आखडताना कातडीवर उमटणारा विजेचा सूक्ष्म सिग्नल. कोणतं बोट हललं ते त्यावरून ओळखायचं. नेटवर्कचं नंतर बघू. या कामात माझा सर्वाधिक वेळ गेला तो स्पिरिट, कापूस आणि वायरींमध्ये, आणि निकाल सुधारला तोही तिथेच.

आधी हात ओळखा. उजव्या हाताच्या कोपराखाली डावा पंजा गच्च धरा आणि उजव्या हाताचं एकेक बोट हलवा. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू तिथे आहेत. बोटांपर्यंत पोचतात ते फक्त स्नायूबंध. वरच्या बाजूला बोटं सरळ करणारा एक्स्टेन्सर डिजिटोरम, आतल्या बाजूला वाकवणारे दोन फ्लेक्सर, त्यातला एक दुसऱ्याखाली दडलेला. मधलं आणि अनामिका वेगळी करताना नाकी नऊ येतात, कारण शेजारच्या स्नायूंचा सिग्नल कातडीवर येईपर्यंत एकमेकांत मिसळतो. अंगठ्याचे काही स्नायू तळहातातच असतात आणि बोटं फाकवणारेही तिथेच. म्हणजे कोपराखालून सगळंच कळेल ही अपेक्षा नको.

आता कातडी. सिग्नल मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत असतो. केस असतील तर काढा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. मेडिकलमध्ये मिळणारे ईसीजीचे जेलवाले इलेक्ट्रोड सुरुवातीला पुरतात. जोडीतले दोन्ही स्नायूच्या लांबीच्या दिशेने, मध्यापासून मध्यापर्यंत साधारण २ सेंटीमीटर अंतरावर लावा, आणि रेफरन्स (तुलनेसाठीचा) इलेक्ट्रोड कोपराच्या हाडावर. जागा पेनाने आखून फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रोड थोडासा जरी सरकला तरी कालचं मॉडेल आज चुकायला लागतं.

नागपुरात यात घामाची भर. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारी रेकॉर्डिंग ठेवू नका. चिकटपट्टी सुटते, आणि दोन इलेक्ट्रोडमधल्या कातडीवर घाम पसरला की सिग्नल मंदावतो. बरं, कूलर लावावा तर त्याची मोटर आणि भिंतीतली वायरिंग मिळून ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते. आमच्या लॅबमधला एक गडी स्क्रीन पाहून म्हणाला होता, ‘भाऊ, हे त कूलरच ऐकून राहिलं!’ उपाय साधे आहेत: सकाळी लवकर बसा, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा (हे सुरक्षिततेसाठीही गरजेचं, अंगाला वायरी लावलेल्या आहेत), वायरी आखूड ठेवा आणि एकमेकींत पिळून घ्या. नॉच फिल्टर (ठरावीक एकच फ्रिक्वेन्सी कापणारा) हा शेवटचा इलाज, कारण स्नायूच्या सिग्नलची बरीच ताकद ५० ते १५० हर्ट्झमध्येच असते आणि फिल्टर त्यातलंही थोडं कापतो.

सेन्सर घेताना एकच प्रश्न विचारा: कच्चा सिग्नल मिळतो की गुळगुळीत केलेला? काही स्वस्त मॉड्यूल सिग्नलचा फक्त वरचा आकार (एन्व्हलप) देतात. मूठ उघडली-मिटली हे त्यावर कळतं, बोटं नाही कळत. उपयोगी सिग्नल साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो, म्हणून सेकंदाला किमान १००० नमुने घ्या. जुन्या व्हिडिओंत दिसणारा मायो आर्मबँड (हाताला बांधायचा ईएमजी पट्टा) सेकंदाला २०० नमुनेच घ्यायचा, आणि तो २०१८ मध्ये बंद झाला. सेकंडहँड मिळाला तर हरखून जाऊ नका.

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) सामान घ्यायला जाण्याआधी निनाप्रोचा, म्हणजे हाताच्या हालचालींच्या ईएमजी नोंदींच्या खुल्या साठ्याचा, मोफत डेटा उतरवा. पहिला संच सोपा वाटतो, पण त्यात कच्चा सिग्नल नाही. दुसरा घ्या: ४० निरोगी माणसं, १२ इलेक्ट्रोड, सेकंदाला २००० नमुने. सुमारे २०० मिलिसेकंदांची खिडकी (सिग्नलचा तुकडा) घ्या आणि १९९३ मध्ये हजिन्स व सहकाऱ्यांनी मांडलेल्या धर्तीची वैशिष्ट्यं काढा: निरपेक्ष मूल्यांची सरासरी, शून्य ओलांडण्याची संख्या, उताराची दिशा किती वेळा बदलली ते, आणि तरंगाची लांबी. वर साधं एलडीए (लिनिअर डिस्क्रिमिनंट अ‍ॅनालिसिस, वर्गीकरणाची जुनी सोपी पद्धत). डीप लर्निंगला याच्यापुढे किती जाता येतं ते मग तपासा. फरक पुष्कळदा वाटतो तेवढा नसतो.

सगळ्यात मोठी फसवणूक इथेच होते. खिडक्या एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या सरमिसळ करून ट्रेन आणि टेस्टमध्ये वाटल्या तर जवळपास तोच तुकडा दोन्हीकडे जातो आणि ९८ टक्के अचूकता दिसते. वाटणी हालचालीच्या आवर्तनांनुसार करा. जमलं तर एका दिवसावर शिकवून दुसऱ्या दिवशी तपासा. आकडा दणकन खाली येईल, आणि रिपोर्टमध्ये तोच लिहायचा. हात टेबलावर टेकवलेला असताना शिकवलेलं मॉडेल हात लटकता ठेवला की गडबडतं, म्हणून दोन्ही स्थितींत रेकॉर्ड करा. मधे विश्रांतीही द्या. थकलेल्या स्नायूचा सिग्नल कमी फ्रिक्वेन्सीकडे सरकतो.

नोकरीचं विचाराल तर कृत्रिम हातावरच काम देणाऱ्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. मोठ्या कंपन्यांना मात्र रस आहे: मेटाने (तेव्हाच्या फेसबुकने) २०१९ मध्ये मनगटावरून स्नायूंचे सिग्नल वाचणारी सीटीआरएल-लॅब्स ही कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये चष्म्यासोबत तसाच मनगटी पट्टा बाजारात आणला. शिवाय हेच कौशल्य ईसीजी, ईईजीच्या (हृदयाच्या, मेंदूच्या सिग्नलच्या) उपकरणांत आणि एम्बेडेड कामात चालतं. हात गमावलेल्या माणसांवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर मार्गदर्शक, एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती आधी, इलेक्ट्रोड नंतर. या परवानगीला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असेल तर अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच टाका आणि तोवर निनाप्रोवर हात बसवा. एखाद्या फिजिओथेरपिस्टला टीममध्ये घ्या. स्नायू नेमका कुठे आहे हे ते बोटाने दाबून दाखवतात, आपण चित्रात शोधत बसतो.