डाउनलोडच्या नोंदी एपीआयने काढताना: माझा अनुभव

साइटवर ड्रॉइंगच्या जुन्या रिव्हिजनवरून (आवृत्तीवरून) सळई बांधली गेली, की पहिला प्रश्न हाच: नवं ड्रॉइंग ठेकेदाराने डाउनलोड केलं होतं का? ड्रॉइंग जिथे ठेवतो त्या आमच्या प्रणालीच्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला माहिती मागवता येते त्या सोयीतून, ती नोंद निघते. पण तारखेने शोधलं की रात्रपाळीतल्या काही नोंदी आदल्या दिवशी दिसायच्या. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेली, आपली साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचचं सगळं मागच्या तारखेत. आणि स्लॅबचं काँक्रीट नेमकं रात्रीच पडतं! एपीआय कसं वापरायचं ते सांगणाऱ्या दस्तऐवजातल्या उदाहरणात मग तारखेसोबत वेळ आणि +०५:३० लिहिलं. यूआरएलमधलं ते अधिकचं चिन्ह एन्कोड करायलाच हवं (म्हणजे त्याचं सांकेतिक रूप लिहायला हवं), नाहीतर सर्व्हर त्याला रिकामी जागा समजतो. फाइलच्या नावाऐवजी रिव्हिजनच्या आयडीने शोधा, हेही त्यातच घातलं. नाव दर रिव्हिजनला तेच राहतं.