शेतीच्या पदवीला संज्ञापनाचं मायनर : अर्जाआधीची तयारी

मायनर म्हणजे मुख्य विषयाला जोडून घेतलेला दुय्यम विषय. त्याचा अर्ज भरण्याआधी शेती आणि संज्ञापन (कम्युनिकेशन) या दोन्ही विभागांची वेळापत्रकं शेजारी-शेजारी ठेवून बघा. शेतावरची प्रात्यक्षिकं हंगामाला बांधलेली असतात. पेरणी आणि काढणी कोणासाठी थांबत नाही. संज्ञापनाच्या विषयांत तर सतत काही ना काही लिहून नाहीतर रेकॉर्ड करून द्यावं लागतं. ज्या सत्रात शेतावर जास्त दिवस जाणार, त्यात चित्रीकरणाचा विषय टाळा, लेखनाचा घ्या. मायनरला किती श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि कृषी विस्ताराचा, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती पोहोचवण्याचा, विषय त्यात धरतात का, हे विभागाकडून लेखी घ्या.

पहिल्या तासाला जाण्याआधी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्याच्या बियाण्याचा अभ्यास माहीत असू द्या. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी तो 1943 मध्ये प्रसिद्ध केला. नव्या बियाण्याची पहिली खबर बऱ्याच शेतकऱ्यांना विक्रेत्यांकडून लागली होती. ते पेरायचं हे मात्र शेजाऱ्यांमुळे ठरलं. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये नवी गोष्ट समाजात कशी पसरते याची मांडणी केली. तेही आयोवातल्या शेतकरी कुटुंबातलेच. ही मांडणी आज आरोग्यापासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे शिकवतात. तेव्हा संज्ञापनाच्या वर्गात शेतीवाल्यानं पाहुण्यासारखं बिचकून बसायचं काहीच कारण नाही.

आता खरी तयारी. रोज शेतीतली एक गोष्ट साध्या भाषेत लिहायची सवय आत्तापासून लावा. समजा, औषधाच्या वेष्टनावर लिहिलंय : हेक्टरी 500 मिली, 500 लिटर पाण्यात. पाठीवर 15 लिटरचा पंप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यातून काय कळणार? लिटरला 1 मिली, म्हणजे पंपाला 15 मिली, हे तुम्ही लिहायचं. वारा समोरून तोंडावर येत असताना फवारणी करू नये, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं. लिहून झालं की शेतीशी संबंध नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि त्यांच्याकडून ते परत सांगून घ्या. जिथे ते अडखळतील, तिथलं वाक्य बदला. मला विचाराल तर बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका. इथे चुकलेला एक आकडा कोणाचं तरी पीक जाळू शकतो.

उपकरणांचा फार विचार नको, बरा फोन पुरतो. मोकळ्या शेतात वारा आवाज खातो, म्हणून माइकला फोमचं टोपण हवंच. किडीचा फोटो घेताना पान उलटून घ्या, कारण मावा आणि पांढरी माशी बहुधा खालच्या बाजूला असतात. शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर आकार कळत नाही.

संख्याशास्त्राचा विषय मायनरच्या आधी किंवा बरोबरीनं घ्या, मागे ढकलू नका. ‘उत्पादन 30 टक्क्यांनी वाढलं’ असं कोणी सांगितलं की कशाच्या तुलनेत, किती प्लॉटवर, किती हंगाम आणि प्रयोगाचा खर्च कोणी केला, हे चार प्रश्न तोंडावर असले पाहिजेत.

शेवटचं काम मार्गदर्शक प्राध्यापकांकडे. त्यांच्या प्रयोगातली आकडेवारी अप्रकाशित असेल, तर ती तुमच्या लेखात वापरायची परवानगी आधी घ्या. ज्या शेतकऱ्यांचा आवाज किंवा चेहरा घेणार आहात, त्यांना तो कुठे दिसणार ते सांगून त्यांचा होकार नोंदवून ठेवा.