खोडवा ठेवताय? पाचटाला काडी लावू नका

ऊसतोड आता शेवटच्या टप्प्यात आली आहे. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) ठेवू नका, उन्हाचा ताण आणि खोडकिडा त्याला उठू देत नाहीत. त्याआधी तुटलेल्या फडात मात्र दरवर्षी तोच घात होतो: तोडणीची टोळी निघाली की त्याच संध्याकाळी पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटतं.

एकरी तीन-चार टन पाचट निघतं. नत्र अर्धा टक्का धरलं तरी १५ ते २० किलो होतं, म्हणजे युरियाची जवळपास एक गोणी. जाळल्यावर ते हवेत जातं. पालाश राखेत उरतो, पण राख वाऱ्यावर आणि पाटाच्या पाण्यात जाते. सर्वांत मोठं नुकसान कर्बाचं (कार्बनचं). वर्षभराचं ऊन उसाने पानांत साठवलेलं असतं. मातीतल्या जिवाणूंना ते चार महिने पुरतं, जाळात दहा मिनिटांत संपतं. मग दुकानदार ‘कर्ब वाढवणारी’ महागडी बाटली पुढे करतो. टन-दीड टन कर्बाची भरपाई लिटरभर द्रावणाने कशी होणार?

‘पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला’ ही तक्रार खरी आहे. पाचटात कर्ब भरपूर, नत्र फार कमी. कुजवणारे जिवाणू नत्राची ती तूट मातीतून ओढतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून जिवाणूंचं नत्र वेगळं द्यायचं, ते पिकाच्या हप्त्यात मोजायचं नाही.

एकरी:
- पाचट सरीत, बुडखे उघडे
- बुडखे जमिनीलगत छाटणे. कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) १ ग्रॅम प्रति लिटर फवारणी
- पाचटावर युरिया ५० किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ५० किलो
- पाचट कुजवणारं संवर्धन (जिवाणूंची पावडर) ४ किलो, शेणखतात मिसळून
- लगेच पाणी
- पिकाचा पहिला खत हप्ता १५ दिवसांत, पहारीने. बुडख्यापासून १०-१५ सें.मी. दूर, तितकंच खोल

संवर्धन कृषी विद्यापीठाचं किंवा पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं घ्या. मिळालं नाही तर शेणाची पातळ स्लरी सोडा. शिफारशीत ती नसेल, पण शेतात चालते. युरिया मात्र चुकवू नका. पुढचं पाणी तारखेवर देऊ नका: पाचट बाजूला करून माती मुठीत दाबा, लाडू वळला तर पाळी लांबवा.

बगला (सरीच्या वरंब्यांच्या बाजू) फोडू नका, नाहीतर पाचट उघडं पडून वाळतं आणि कुजणं थांबतं. काणी आणि गवताळ वाढ या रोगांची बेटं मुळासकट उपटून फडाबाहेर नेऊन जाळा. अशी बेटं जागोजाग दिसली तर त्या फडाचा खोडवाच ठेवू नका.