गावच्या घरावर इंटरनेटचा अँटेना: आधी आकडा बघा, मग भोक पाडा

छपरावरची थाळी आभाळाकडे तोंड करून असेल तर ती टीव्हीची. इंटरनेटचा अँटेना समोर, टॉवरकडे बघतो. माशाच्या काट्यासारखा दिसतो तो यागी, चपटा चौकोनी तो पॅनेल. पांढरा डबा आणि त्यातून निघणारी एकच नेटवर्क केबल, म्हणजे आउटडोअर राउटर; अँटेना आणि राउटर एकाच डब्यात. 5 गिगाहर्ट्‌झवर चालणारी छोटी डिश असेल तर समोरचा टॉवर डोळ्यांना दिसायलाच हवा. मधे एखादा फणस आला तरी नडतो.

निवड आपल्या हातात असेल तर मी आउटडोअर राउटर घेईन. यागीची केबल जितकी लांब तितका सिग्नल वाटेतच जिरतो, आणि 3 डीबी (डेसिबेल, सिग्नलची घट मोजायचं माप) गेले की निम्मी ताकद गेली. नेटवर्क केबल मात्र 100 मीटरपर्यंत खुशाल न्या. यागीच घ्यायचा तर राउटरला अँटेनाची दोन तोंडं असतात, म्हणून दोन यागी लागतात, एकमेकांशी काटकोनात तिरके. आणि दुकानदार ‘बूस्टर’, म्हणजे मोबाईलचा सिग्नल वाढवणारं यंत्र, गळ्यात मारत असेल तर नको म्हणा; परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे.

आता दिशा. भोकं पाडायची घाई नको. पाइप नुसता दोरीने बांधा, एकाने वर थांबायचं, दुसऱ्याने खाली मोबाईलवर राउटरचं सेटिंगचं पान उघडून ‘आरएसआरपी’, म्हणजे टॉवरच्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा, मोठ्याने वाचायचा. उणे 85 आला तर छान, उणे 110 म्हणजे रडगाणं. थोडं फिरवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाचा. सिग्नलच्या काड्यांवर विसंबू नका. आमच्या अंगणातून डोंगरावरचा टॉवर स्पष्ट दिसतो, पण आकडा चांगला आला तो खाडीपलीकडच्या टॉवरचा.

पाइप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) घ्या आणि क्लॅम्पने भिंतीला धरा, कौलांना किंवा पत्र्याला नको. चिऱ्याची भिंत असेल तर सांधा टाळून चिऱ्याच्या मधोमध भोक पाडा. विजेच्या तारांपासून इतकं लांब राहा की पाइप आडवा पडला तरी तारेला शिवणार नाही. शेवाळलेल्या कौलांवर चढू नका.

खरा शत्रू पाणी. पहिल्या वर्षी जुलैत नेट मेलं, मी आठवडाभर कंपनीला शिव्या घातल्या. शेवटी जोड उघडला तर आतून थेंब टपकला, पितळ हिरवं पडलेलं. म्हणून जोडावर आधी एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वर काळी टेप. केबल घरात शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा.

पाइपाला जाड तांब्याची तार लावून अर्थिंग करून घ्या. तरीही वळवाचे ढग गडगडायला लागण्याआधीच राउटरचा प्लग आणि अँटेनाची केबल, दोन्ही काढून ठेवा.

सगळं आवळून झालं की पाइप आणि क्लॅम्प मिळून ऑइलपेंटची एक उभी रेघ ओढा. वादळाने अँटेना फिरला तर रेघेला रेघ जुळवायची, पुन्हा आकडे वाचत बसायला नको.