आधी पान ओळखा, मग सॉक्सलेट लावा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ब्राह्मी घेतली. नाव सगळ्यांना ठाऊक, आणि नाशकात रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात अर्धा किलो सहज मिळाली. केमिस्ट्रीच्या पोराला तेवढं पुरे वाटतं. आमच्या लेखी वनस्पती म्हणजे सॉक्सलेटमध्ये, अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात, भरायचा भुसा!

अर्क काढला. टीएलसीच्या, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या, प्लेटवर ब्राह्मीतल्या बॅकोसाइड या घटकाच्या शुद्ध नमुन्याशेजारी (स्टँडर्डशेजारी) ठिपका दिला, रंग उठवणारं अ‍ॅनिसाल्डिहाइड फवारून प्लेट १०५ अंशांवर तापवली. स्टँडर्ड ठळक उठलं. माझ्या रांगेत त्या उंचीवर काहीच नाही. मिथेनॉल बदललं, सॉल्व्हंटचं प्रमाण बदललं, प्लेटांच्या नव्या बॉक्सवर संशय घेतला. चार महिने यात गेले. शेवटी पुडी घेऊन बॉटनीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी चिमूटभर चुरा गरम पाण्यात टाकला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत काचेच्या बशीत एक पान उलगडलं होतं: मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला दातेरी, लांब देठाचं.

"ही मंडूकपर्णी रे, सेंटेला. तुला हवी ती बॅकोपा. तिचं पान नखाएवढं, जाडसर, बिनदेठाचं, समोरासमोर."

दुकानदाराने फसवलं नव्हतं. दोन्हींना ब्राह्मी म्हणतात. पण मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड असतं, बॅकोसाइड तिच्यात शोधून सापडणार कुठून? शंखपुष्पीचं तर विचारूच नका, त्या एका नावावर चार वेगवेगळ्या वनस्पती खपतात.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं: फुलावर असलेली फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून हर्बेरियम शीट करा, गोळा केल्याचं ठिकाण-तारीख लिहा आणि पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळख पक्की करून घ्या. तिथला नमुना क्रमांक पेपर लिहिताना मागतातच. आणि नांदूरमध्यमेश्वरला ब्राह्मी दिसली म्हणून पिशवी भरू नका. ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते. मी निफाडकडच्या एका काकांच्या पाटाकडेची उपटली. "ने की, तणच आहे ते," म्हणाले.

वाळवतानाही एकदा हात पोळले. जुलैत जाड थर पसरला आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. दुसऱ्या खेपेला सावलीत, पंख्याखाली, पेपरवर पातळ पसरून रोज वजन घेतलं. सलग दोन दिवस काटा हलला नाही तेव्हाच दळायला नेलं.

सॉक्सलेटचं एक लक्षात ठेवा. ते १८७९ साली दुधातली स्निग्धता मोजायला बनवलेलं उपकरण. त्यात अर्क तासन्‌तास उकळत राहतो, आणि नाजूक रेणू त्यात मोडतात. चीनच्या तू योयो यांच्या गटाला एका वनस्पतीतून मलेरियावर गुण हवा होता. जुन्या ग्रंथात ती वनस्पती उकळायची नाही, पाण्यात भिजवून पिळायची असं लिहिलेलं. मग त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि अर्क लागू पडला. त्यातल्या आर्टेमिसिनिन या रेणूसाठी तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. तेव्हा आधी थंड अर्क काढून बघा, घाई कशाला?

डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट गुण तपासायच्या चाचणीबद्दल माझं मत जरा कडू आहे. जांभळं द्रावण पिवळं पडलं, ५१७ नॅनोमीटरला वाचन घेतलं, झाला प्रबंध! चहाही ते द्रावण पिवळं पाडतो. तेवढ्यावर 'औषधी गुणधर्म सिद्ध' लिहू नका. रेणू वेगळा करून त्याची रचना ठरवणं हे खरं काम, आणि त्याला वर्षं लागतात. आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासोबत तेच करत होते: १९६६ ला कॅम्प्टोथेसिन, १९७१ ला टॅक्सॉल, दोन्ही वनस्पतींतले कर्करोगाविरुद्धचे रेणू. त्यातलं कॅम्प्टोथेसिन पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडलं.

पीएचडी करायची असेल तर नेट या पात्रता परीक्षेची तयारी एमएस्सीतच सुरू करा, नंतर वेळ मिळत नाही. नाशकातच राहायचं असेल तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे क्वालिटी कंट्रोलची कामं निघतात. मीही तिकडेच वळलो. मुलाखतीत विचारलं, कच्चा माल आला की आधी काय कराल? बाकीचे एचपीएलसी, म्हणजे घटक मोजायचं महागडं यंत्र, म्हणाले असतील. मी म्हणालो, पान भिजवून बघेन. ते हसले आणि थेट पगारावर आले. तो मात्र सुरुवातीला कमीच असतो, घरी आधीच सांगून ठेवा.