विज्ञानाच्या तासाला गेम घेताय? या चुका टाळा

रासायनिक समीकरणं संतुलित करण्याचा एक गेम मी पहिल्यांदा वर्गात घेतला, तेव्हा दहा मिनिटांत जवळपास सगळ्यांचे तराजू समतोल झाले होते. मी खूश. मग सहज एका मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. ती समीकरणाकडे बघतच नव्हती. बाण वर, बाण खाली, पुन्हा वर, आणि डोळे हसरा चेहरा कधी उमटतो त्याच्यावर. उमटला की पुढचं.

"हायड्रोजनपुढे ३ का घेतलास?"

"२ ने होत नाही ना, बाई."

उत्तर अगदी खरं होतं. फक्त त्यात रसायनशास्त्र कुठेच नव्हतं.

गेम जिंकला म्हणजे धडा कळला असं धरून चालणं, ही सगळ्यात मोठी चूक. गेमचे नियम मुलं आपल्यापेक्षा पटकन पकडतात, आणि जिंकायला तेवढं पुरतं. म्हणून आता बटणाला हात लावायच्या आधी अंदाज वहीत लिहून घेते, कारणासकट. अमोनियाचं समीकरण असेल तर आधी रेणूंची चित्रं काढायची. नायट्रोजनच्या एका रेणूत २ अणू. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनचा अणू एकच, म्हणजे अमोनियाचे २ रेणू होणार. त्यांना हायड्रोजनचे ६ अणू हवेत, म्हणजे हायड्रोजनचे ३ रेणू. मग स्क्रीन. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, खाली नवा लिहायचा. चर्चा त्या दोन ओळींवरच होते.

या चर्चेला वेळच न ठेवणं ही दुसरी चूक, आणि खरं सांगायचं तर ती माझ्याकडून अजूनही होते. मुलं रंगलेली असतात, थांबवायला जीव होत नाही, तेवढ्यात घंटा वाजते. "उद्या बोलू" म्हणावं, तर उद्या कोणाला किती पॉइंट मिळाले एवढंच त्यांच्या लक्षात असतं. ४० मिनिटांचा तास असेल तर शेवटची १२-१५ मिनिटं स्क्रीन बंदच हवी. सुरुवातीची पाच मिनिटं मात्र मोकळी सोडा. काय दाबल्यावर काय होतं ते मुलांना हुडकू द्या. पहिल्या मिनिटापासून "आता हे दाबा, आता ते दाबा" अशी कृतिपत्रिका हातात दिली, की गेमचा गृहपाठ होतो.

गेममधलं जग खरं मानून पुढे जाणं ही चूक लवकर ध्यानात येत नाही. 'कर्बल स्पेस प्रोग्राम' घ्या. रॉकेट बांधून कक्षेत सोडायचा हा गेम, पूर्ण आवृत्ती २०१५ची. कक्षेत राहायचं तर वर जाण्यापेक्षा आडवा वेग महत्त्वाचा, हे त्याच्याइतकं पटवून देणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. पण त्यातला कर्बिन हा ग्रह फक्त ६०० किलोमीटर त्रिज्येचा आहे, पृथ्वीची त्रिज्या ६३७१. तिथे सुमारे २.३ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने खालची कक्षा गाठता येते, पृथ्वीभोवती ७.८ लागतो. सांगितलं नाही तर मुलं तोच आकडा डोक्यात घेऊन जातात.

सांगितलं, तर त्यातूनच एक झकास तास निघतो. कर्बिनवरचं गुरुत्वीय त्वरण पृथ्वीइतकंच, ९.८ आहे. त्रिज्या जेमतेम दहावा भाग, मग घनता किती हवी? साधारण दहापट. पृथ्वीची सरासरी घनता ५.५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, म्हणजे कर्बिनची ५८च्या आसपास. सगळ्यात जास्त घनतेचं मूलद्रव्य ऑस्मियम, त्याची २२.६. "बाई, मग हा ग्रह कशाचा बनलाय?" हा प्रश्न मला विचारावा लागत नाही.

अशा सवलती जवळजवळ प्रत्येक गेम घेतो. ऑक्सिजनचा अणू लाल दाखवतात म्हणून तो लाल नसतो. परिपथातल्या तारेत टपोरे इलेक्ट्रॉन धावताना दिसतात. प्रत्यक्षात तांब्याच्या तारेत ते सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. "यात खोटं काय आहे ते शोधा" हा प्रश्न प्रत्येक गेमनंतर विचाराच.

आता यंत्रांच्या कटकटी. गेम आदल्या दिवशी त्याच संगणकावर उघडून बघा, घरच्या लॅपटॉपवर नव्हे. जुन्या यादीतला गेम उघडतच नसेल तर तो बहुधा फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारा असेल. फ्लॅश २०२०च्या अखेरीस बंद झालं, त्यामागे वेळ घालवू नका. इंटरनेट दगा देत असेल तर 'फेट'ची सिम्युलेशन, म्हणजे प्रयोगांच्या स्क्रीनवरच्या प्रतिकृती, आधीच उतरवून ठेवा. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम मोफत आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. संगणक कमी असतील तर दोघांत एक, पण माउस धरणाऱ्याने जोडीदार सांगेल तेवढंच करायचं आणि दर सात-आठ मिनिटांनी जागा बदलायची. नाहीतर एक खेळतो, दुसरा जांभया देतो.

आणि गेम झाला म्हणून प्रयोग गाळू नका. स्क्रीनवरचा १ मीटरचा लंबक दहा आंदोलनांना दर वेळी २० सेकंद घेतो. मग मुलांना दोरा, नट आणि स्टॉपवॉच द्या. एका गटाचे २०.४ येतात, दुसऱ्याचे १९.७, तिसऱ्याचे चक्क १८. तिसऱ्या गटाने दहाऐवजी नऊच आंदोलनं मोजलेली असतात, कारण हात सोडतानाच "एक" म्हटलेलं असतं.