ग्लोमेरुलसचे (किडनीतल्या बारीक गाळण्यांचे) आजार ओळखताना या चुका टाळा

लघवीत रक्त दिसलं की 'इन्फेक्शन' लिहून मोकळं व्हायचं, ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता रागही येत नाही. एका तरुणाला कोऱ्या चहासारखी लघवी होत होती. जळजळ नाही, ताप नाही, कल्चरमध्ये काही उगवलं नाही. तरी अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा पायांवर सूज, रक्तदाब १७०/१००, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) दहा दिवसांत १.३ वरून ४.१ वर. जुन्या रिपोर्टात एवढंच, 'आरबीसी भरपूर', म्हणजे लाल रक्तपेशी. तो नमुना चार तास टेबलावर पडून होता. तेवढ्या वेळात कास्ट, म्हणजे किडनीच्या नळ्यांत तयार झालेले साचे, विरून जातात. ताजी लघवी सेंट्रिफ्यूज करून स्वतः स्लाइड पाहिली, तर दुसऱ्याच फील्डमध्ये आरबीसी कास्ट, म्हणजे रक्त ग्लोमेरुलसमधूनच येत होतं. बायोप्सीत निम्म्याहून जास्त ग्लोमेरुलसमध्ये क्रेसेंट (गंभीर इजा दाखवणारे चंद्रकोरीसारखे पेशींचे थर) निघाले. त्याची किडनी पूर्वीसारखी झाली नाही.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: नमुना तासाभराच्या आतला हवा आणि स्लाइड मीच बघणार. "सर, मशीनचा रिपोर्ट आहे ना," असं नवीन मुलं म्हणतात. मशीन पेशी मोजतं, कास्ट बऱ्याचदा चुकवतं. दहा मिनिटं मायक्रोस्कोपवर बसायचा कंटाळा येत असेल, तर किडनीच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी आवडती चूक: घसा दुखला होता, लघवी लाल झाली, म्हणजे पोस्ट-स्ट्रेप (स्ट्रेप जंतूच्या संसर्गानंतर येणारा ग्लोमेरुलसचा दाह). अरे, तारखा विचारल्या का? घसा दुखत असतानाच, एक-दोन दिवसांत लाल झाली तर आधी आयजीए नेफ्रोपॅथी (ग्लोमेरुलसमध्ये आयजीए अँटिबॉडी साठण्याचा आजार) आठवा. पोस्ट-स्ट्रेपला घशानंतर एक ते तीन आठवडे लागतात, त्वचेच्या संसर्गानंतर त्याहून जास्त. त्यात सी३ (रक्तातलं प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) घसरतो. आयजीएत सहसा नॉर्मल असतो. तीन महिन्यांनीही सी३ वर आला नाही, तर ते लेबल काढा आणि सी३ ग्लोमेरुलोपॅथी (ग्लोमेरुलसमध्ये सी३ साठण्याचा आजार), ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) शोधा.

लघवीत दिवसाला ३.५ ग्रॅमच्या वर प्रथिनं म्हणजे नेफ्रॉटिक, रक्त आणि रक्तदाब म्हणजे नेफ्रायटिक, हे पाठ करा, पण ल्युपस दोन्ही सोंगं एकदम घेतो.

डिपस्टिकला मुख्यतः अल्ब्युमिनच दिसतं. पट्टी फिकी आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो भरमसाट असेल, तर मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, त्यात अल्ब्युमिन सोडून दुसरंच प्रथिन लघवीत येतं) तपासा.

मधुमेह आहे म्हणून सगळी प्रथिनं मधुमेहाची नसतात. डोळ्यांचा पडदा स्वच्छ (मधुमेहाच्या खुणा नाहीत) आणि प्रथिनं अचानक वाढलेली असतील, तर मी बायोप्सीचा विषय काढतोच.

आणि बायोप्सीत पाच-सहाच ग्लोमेरुलस आले असताना 'मिनिमल चेंज' (साध्या मायक्रोस्कोपखाली ग्लोमेरुलस जवळपास नॉर्मल दिसणारा आजार) वाचून निश्चिंत होऊ नका. एफएसजीएसचे (काही ग्लोमेरुलसच्या काही भागांतच व्रण पडणाऱ्या आजाराचे) डाग विखुरलेले असतात. सुई नेमकी त्यांना चुकवून जाते.